दोघांपुरतं गरम पाणी

१२ जानेवारी

धाकटे,

बॉयलर गेला. जिन्याखालचा, आपला. दोन मिनिटं वाईट वाटून घे, मग पुढचं वाच.

कण्हत तर तो कधीपासूनच होता. परवा सकाळी मी शिवणाच्या खोलीत मशीनवर बसले होते आणि पायांना ओल लागली. जाऊन पाहते तर जिन्याखालून पाणी वाहतंय, आणि तुझे मोठे दीर त्या पाण्यात चपला घालून, बॉयलरच्या अंगावर हात ठेवून उभे. मला म्हणाले, "अजून कोमट आहे." मी म्हटलं, आता कोमटच राहणार, प्लंबरला बोलवा.

प्लंबर आला. हा तुला माहीत नाही, नवीन आहे. पण बोलायला लागला की वाटतं पाण्याचा शोध ह्याच्याच आजोबांनी लावला. नमनालाच घडाभर तेल. म्हणाला, काकू, असली धुडं आता कुणी ठेवत नाही, निम्मी वीज तो भिंत तापवण्यात घालवतो. आता हीट पंप बसवा. म्हणजे काय, तर ते यंत्र आजूबाजूच्या हवेतली ऊब ओढून घेतं आणि पाण्यात सोडतं. विजेला फक्त ओढाओढीचं काम, त्यामुळे वीज फारच कमी लागते. त्याने छापील पत्रक पुढे केलं, आणि ह्यांना लगेच पटलं. ह्यांना छापील कागदावरचं काहीही पटतं. पटलं मलाही, पण मी तसं दाखवलं नाही.

मग त्याने विचारलं, "घरात माणसं किती?" टाकी केवढी घ्यायची ते त्यावर ठरतं म्हणे.

मी म्हटलं, "पाच."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्लंबरने आधी आम्हा दोघांकडे पाहिलं, मग दाराशी काढलेल्या चपलांकडे. मी म्हटलं, तिघं बाहेर आहेत, उन्हाळ्यात येतायत. येताय ना? भावजींना कंपनीने दोन वर्षांसाठीच पाठवलंय, हे तूच मला जिन्यात उभी राहून, नाक ओढत सांगितलं होतंस. ती दोन वर्षं मे महिन्यात संपतात.

म्हणून हे पत्र. फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुझ्यामागे मिक्सर, टीव्ही आणि तुझी लेक चिमणी सगळे एकदम बोलत असतात आणि तू प्रत्येक प्रश्नाला "हो हो, बघू" म्हणतेस. "बघू" ह्या मापाची टाकी मिळत नाही. नक्की काय ते कळव, मग मी प्लंबरला सांगते.

सोबत चिमणीचा निळा फ्रॉक आहे. तुम्ही निघालात तेव्हाच्या मापावर अंदाजाने वाढवून बेतलाय, आणि शिवणीच्या आत भरपूर माया ठेवलीय, उसवून मोठा करायला. घालून फोटो पाठव म्हणावं मोठ्या आईला.

तोवर आम्ही गॅसवर पाणी तापवतोय. दोन पातेल्यांत दोघांचं होतं. तू असतीस तर दोन पातेली नुसत्या तुझ्या केसांना लागली असती.

तुझी मोठी जाऊ


२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

बॉयलरचं वाचून खरंच वाईट वाटलं. माझी आणि त्याची ओळख तुमच्या किंकाळीने झाली होती, आठवतं? लग्नानंतरची पहिली सकाळ. मी वरच्या बाथरूममध्ये नळ सोडला आणि खालून तुम्ही ओरडलात. मला वाटलं घरात चोर शिरला. खाली धावत आले तर तुम्ही टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण, आणि म्हणालात, "ये बाई, तूच ये आता आंघोळीला, माझं गार पाण्याने आटोपलंच आहे."

त्याच दिवशी तुम्ही मला तो लोखंडी पाइप दाखवलात, खालच्या बाथरूममधून निघून सरळ वर गेलेला. एका वेळी एकच नळ. आपलं झालं की अंगठीने पाइपवर दोनदा वाजवायचं, आणि दुसरीने एकदा वाजवून कळलं म्हणायचं. लोक म्हणतात जावा जावा उभा दावा. आपलं सगळं भांडण त्या पाइपवरच मिटायचं.

तुम्हाला एक गंमत सांगते. इथे आमच्या बाथरूममध्येही एक पाइप भिंतीबाहेरून जातो. मी आंघोळ झाली की अजून त्याच्यावर दोनदा वाजवते. हात आपोआप जातो. परवा खालच्या मजल्यावरचे आजोबा पाना घेऊन वर आले. म्हणाले, तुमच्या पाइपमध्ये काहीतरी अडकलंय, रोज सकाळी आवाज येतो. मी म्हटलं, हो, असेल.

टाकीचं म्हणाल तर हीट पंप घ्याच. इथे पुष्कळ घरांत तोच असतो. फक्त नवीन पाइपांना वरून फोमचं आवरण घालून घ्या, नाहीतर पाणी वाटेतच निवतं. आणि पाच जणांची टाकी कशाला? एवढं पाणी रोज तापवायचं, ते वापराविना निवणार, मग पुन्हा तापवायचं, म्हणजे यंत्र चांगलं घेऊन वीज वाया. दोघांपुरती घ्या. आमचं पुढचं पुढे बघू.

फ्रॉक सुंदर आहे. चिमणीला रंग फार आवडला. फोटो पाठवते सवडीने.

दादांच्या पाठीला जपा. पातेली त्यांना उचलू देऊ नका.

तुमची धाकटी


१५ फेब्रुवारी

धाकटे,

शेवटी "बघू" लिहिलंसच.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, ती विजेचं बरोबर सांगतेय. मी म्हटलं, वीज गेली खड्ड्यात, ती माझ्यावर रुसलीय. तुझ्या केसांवरून बोलले ते तुला लागलं ना? तू मनाला लावून घेतेस आणि वरून हसतेस, मला काय माहीत नाही? म्हणूनच म्हणतेस ना, दोघांपुरती घ्या, म्हणजे वहिनींना मी पाणी संपवते असं वाटायला नको.

तर ऐक. मी तुझ्या केसांबद्दल यापुढे एक अक्षर काढणार नाही. पाच जणांची टाकी आली की वरचा आणि खालचा नळ एकदम सोडले तरी दोघींना कढत पाणी मिळतं, प्लंबरने शपथ घेऊन सांगितलंय. तासभर केस धू. दोनदा वाजवून पुन्हा गुपचूप नळ सोडायची तुझी ती लबाडीसुद्धा करावी लागणार नाही. मला कळायची हं ती. मी खाली साबण लावून गार पाण्यात उभी असायचे आणि हसायचे.

प्लंबरशी मात्र माझं वाजलं. त्याचं म्हणणं, यंत्र वरच्या खोलीत बसवू. छताखालची खोली, उन्हाने तापते, हवेत ऊब भरपूर, आणि खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, कोण म्हणालं रिकामी आहे? तो म्हणाला, काकू, आत एक पलंग आणि तीन उशा आहेत. मी म्हटलं, मग माणसांनाच असतात ना उशा. खोलीची चादर मी दर आठवड्याला बदलते. तुझा कंगवा तिथेच आरशापाशी आहे, तसाच.

टाकीवरूनही त्याने डोकं खाल्लं. मी म्हटलं, आम्ही शिवणारी माणसं, वाढत्या अंगाचं कापड अंगाबरोबर बेतत नसतो. तो म्हणाला, काकू, टाकी म्हणजे परकर नव्हे. जी माणसं नाहीत त्यांचं पाणी रोज तापवून रोज गार करण्यात काय हशील? हे तर तुझंच वाक्य. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता की काय?

तेव्हा घोडं तिथेच अडलंय. तू महिना कळवेपर्यंत मी त्याला काही सांगणार नाही. पातेली आहेतच.

सकाळी आंघोळ झाली की मीही दोनदा वाजवते. मग थोडी थांबते. हे एकदा बाहेरून विचारत होते, पाइपही बिघडला का म्हणून. मी म्हटलं, नाही, पाइप चांगला आहे.

चिमणीचा फोटो अजून आला नाही.

तुझी मोठी


३० मार्च

वहिनी,

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला चारदा बसले आणि चारदा कागद फाडला. हे पाचवं जसं होईल तसं पाठवणार आहे.

परवा दादांचा फोन आला होता. तुमच्या नकळत केला, त्यांना बोलू नका. पातेलं उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली आणि तुम्ही दोन दिवस त्यांना शेकत होतात, हे तुम्ही मला कळवलं नाहीत. दादा जास्त बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिला एक आकडा सांग. कुठलाही सांग, पण खरा सांग."

खरा आकडा दोन आहे, वहिनी.

आम्ही परत येत नाही. ह्यांना, म्हणजे तुमच्या भावजींना, कंपनीने कायमचं ठेवून घेतलंय. आम्ही इथे घर घेतलं. तुमचं बॉयलरचं पत्र आलं तेव्हा ते ठरून गेलं होतं. मी टेबलावर एका बाजूला घराचे कागद आणि एका बाजूला तुमचं पत्र ठेवून बसले होते. "तिघं बाहेर आहेत, उन्हाळ्यात येतायत" ह्या वाक्यापुढे मला वाचवेना. मग मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. तुम्हाला विजेची काटकसर शिकवली. दोन म्हणा, दोन म्हणा, एवढंच मला सांगायचं होतं, आणि का ते सांगायची हिंमत नव्हती.

मी रुसले नव्हते. तुम्ही माझ्या केसांवरून बोललात की मला त्या दिवशी घरी असल्यासारखं वाटतं.

चिमणीला विचारलं होतं. ती म्हणाली, मोठ्या आईकडे सुट्टीत जाऊ, पण शाळा सोडायची नाही. तिच्या मैत्रिणी इथल्या, बोलणं इथलं. तिला जुन्या घरातलं काय आठवतं माहीत आहे? पाइपचा आवाज. म्हणते, सकाळी घर ठोकायचं तेव्हा मी उठायचे.

आणि फ्रॉक. वहिनी, फ्रॉक तिला बसला नाही. गुडघ्यांच्या वर राहिला. मी रात्री बसून तुमची शिवण उसवली, होती नव्हती ती सगळी माया सोडली, तरी बसला नाही. तुम्ही धरलंत त्याहून ती फार वाढलीय. म्हणून फोटो पाठवला नाही. फ्रॉक मी कपाटात ठेवलाय.

प्लंबरला दोन सांगा. यंत्र आमच्या खोलीत बसवा, तिथे खरंच ऊब असते. माझा काही हक्क नाही त्या खोलीवर, पण कंगवा तेवढा टाकू नका.

धाकटी


८ एप्रिल

धाकटे,

पत्र मिळालं. प्लंबरला दोन सांगितले. ह्यांची पाठ आता बरी आहे.

मोठी


२० एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र तीन वाक्यांचं आलं. तुम्ही चिमणीच्या बटणांबद्दलसुद्धा यापेक्षा जास्त लिहिता.

रागवा, पण सरळ रागवा. फोन केला तर दादा घेतात आणि तुम्ही बाजारात गेलात म्हणतात. एवढा कसला बाजार भरतो तुमच्याकडे, की जेव्हा पाहावं तेव्हा तुम्ही तिथेच?

मी हल्ली अंगठी काढून आंघोळीला जाते. हात पाइपकडे गेला तरी आवाज होत नाही. खालचे आजोबा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, झाला वाटतं दुरुस्त. त्यांना बरं वाटलं. मी घरात येऊन खूप रडले.

तुम्ही काहीही लिहा, पण मोठं लिहा.

धाकटी


११ मे

धाकटे,

रागावले होते. खोटं कशाला बोलू. प्लंबरला दोन सांगायचे होते, तेही मी नुसती दोन बोटं वर करून सांगितले. मग घरात आले आणि जो समोर दिसेल त्याला घालून पाडून बोलले. समोर एकटे हेच होते, त्यामुळे सगळं त्यांच्याच वाट्याला आलं. बाजाराचं खोटं मीच बोलायला लावलं होतं. तो बिचारा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नाही, बोलताना माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा.

तुम्ही तिथे राहिलात त्याचा राग नाही. भावजींचं काम तिथे, पोरीची शाळा तिथे, मला कळतं ते. राग ह्याचा की तू मला वाट पाहू दिलीस. मी त्या खोलीच्या चादरी बदलत होते तेव्हा तुला माहीत होतं. पण गेल्या महिन्यात मला दुसरंच कळलं. वाट पाहायला काही उरलं नाही की चादर बदलायलाही हात उठत नाही. मग वाटलं, तू मला तीन महिने जास्तीचे दिलेस. तेव्हा राग गेला. पुरता नाही, पण बराच गेला.

मला तुझी फार आठवण येते. सकाळी येते. एवढं वाक्य लिहायला मी एप्रिलपासून बसले होते.

आता यंत्राचं. बसलं एकदाचं. तुमच्या खोलीत नाही, माझ्या शिवणाच्या खोलीत बसवलं. प्लंबरने पुष्कळ समजावलं की काकू, हे हवेतली ऊब ओढणार, तुमची खोली गार पडेल. पडू दे म्हटलं. आता मी भर उन्हाळ्यात शाल घेऊन मशीनवर बसते, आणि पलीकडे पाणी छान तापत असतं. हे येऊन टाकीला हात लावून जातात, बाहेरून गरम लागते का बघायला. लागत नाही. ऊब सगळी आत राहते. वीज खरंच कमी लागते, तुझं म्हणणं बरोबर होतं, आणि हे मी एकदाच लिहिणार आहे.

नवीन पाइप प्लास्टिकचे आलेत, वरून तुझं ते फोम. त्यांच्यावर वाजवलं तर उशीवर वाजवल्यासारखं होतं. प्लंबर जुना लोखंडी पाइप कापायला करवत घेऊन बसला तेव्हा मी म्हटलं, हा राहू दे. तो म्हणाला, ह्यातून आता काही जात नाही, कोरडा आहे. मी म्हटलं, तरी राहू दे. त्याला वाटलं काकूंचं डोकं फिरलं. तेवढ्यात हे आले, आणि ज्या माणसाने माझ्याविरुद्ध प्रत्येक प्लंबरची बाजू घेतली तो म्हणाला, "ती राहू दे म्हणतेय ना, मग राहू द्या." पाइप राहिला.

मला तेव्हा स्वतःलाच माहीत नव्हतं मी तो कशाला ठेवतेय. ते प्लंबरनेच सांगितलं, जाता जाता. म्हणाला, काकू, ही टाकी दोघांची आहे. पाहुणे आले तर सगळ्यांना एकदम पुरणार नाही. दोन आंघोळी झाल्या की थांबायचं, पाणी पुन्हा तापू द्यायचं, मग पुढच्यांनी जायचं. नंबर लावावे लागतील, म्हणाला, आणि चेहरा असा केला जणू माझं काहीतरी नुकसान झालंय. तो गेल्यावर मी जिन्यात बसून राहिले. पाच जणांची घेतली असती तर दोन्ही नळ एकदम सोडता आले असते, आणि कुणाला कुणासाठी थांबायलाच लागलं नसतं. मी हट्टाने तीच मागत होते. बरं झालं, मिळाली नाही.

चिमणीचं माप पाठव. ह्या वेळी अंदाजाने बेतणार नाही. खांदा, छाती, उंची, तिलाच घेऊ दे टेप हातात, मोठी झालीय. तो निळा फ्रॉक उसवलेला असेल तसाच बरोबर घेऊन ये, मी बघते त्याचं काय करता येतं ते.

तर सुट्टीत या. राहायला नको, नुसतं या. वरची खोली आहे तशीच आहे आणि कंगवाही तिथेच आहे. आधी दोघं भाऊ आंघोळी उरकतील, त्यांना काय, दोन मिनिटांत होतं. मग पाणी तापलं की चिमणी, मग मी. पुन्हा तापलं की शेवटचा नंबर तुझा, म्हणजे मागे कुणी नाही, केसांना हवं तेवढं पाणी घे. अंगठी काढून येऊ नकोस. माझं खाली आटोपलं की मी दोनदा वाजवेन. तू वरून एकदा वाजव, म्हणजे मला कळेल. आणि तुझं झालं की दोनदा वाजव, पण या वेळी खरंच झाल्यावर.

तुझी मोठी